उन्हात घातलेलं फुलपाखरू

ओल म्हणजे आवडाबाई कर्णिकांची जन्माची वैरीण. टेंभी नाक्याजवळच्या त्यांच्या घरात ओलसर वस्तूची धडगत नसे. पापड, गाद्या, तापातून उठलेली पोरं, सगळ्यांची रवानगी त्या उन्हात करत. बुरशीची काय बिशाद होती त्यांच्यापुढे यायची.

त्यांचा धाकटा मुलगा गुरुदत्त युगांडात लाकडाच्या वखारीत कारकून होता. तिथल्या रानातली फुलपाखरं तो कागदाच्या घडीत घालून थोरल्या हरिहरला पाठवी. हरिहर शाळेत विज्ञान शिकवायचा. बावन्न सालच्या फाल्गुनात तार आली, गुरुदत्त तापाने गेला. अग्नीही तिकडेच दिला.

वैशाखात बोटीच्या टपालाने त्याने आजारी पडण्याआधी टाकलेलं पाकीट आलं. आत एकच फुलपाखरू, मिटल्या पंखांचं, वाळून कडक झालेलं. हरिहरने ते ओल्या वाळूच्या डब्यात ठेवलं.

"पंख मऊ झाले की उघडतो, आई. आतून लालभडक असतं म्हणे. त्याचं शेवटचं एवढंच आलंय. जपायला हवं."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेल्यावर आवडाबाईंनी डबा उघडला. दमट वास आला. त्या ओल्या रानाने पोर गिळलं, आता त्याची ही वस्तूही कुजायची? सांगून गेलेल्या थोरल्याचं शास्त्र त्यांना त्या घडीला काडीचं पटलं नाही. गच्चीवर उडदाचे पापड वाळत होते. शेजारीच स्वच्छ फडक्यावर त्यांनी फुलपाखरू ठेवलं. थोड्या वेळाने पापड उलटता उलटता सवयीचा हात त्याच्यावरही पडला. उन्हाने पुन्हा ठिसूळ झालेला एक पंख तुटून चिमटीत आला. दुसरा सावरायला गेल्या, तर तोही चुरला.

हरिहर शाळेतून गच्चीवर आला आणि फडक्याकडे बघतच राहिला.

"पापड होता का तो, आई? एवढंच राहिलं होतं त्याचं, तेही तू..." आईपुढे त्याचा आवाज आजवर चढला नव्हता.

आवडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोटांना लाल भुकटी लागली होती. सुनेने, शुभदाने, पाण्याचा तांब्या पुढे केला.

"हात धुवा ना, आई."

"नको गं," त्या म्हणाल्या. "त्याची रक्षासुद्धा घरी आली नाही. हे लागलंय हाताला, ते राहू दे."

हरिहरने तांब्या बाजूला सारला आणि तो आईशेजारी जमिनीवर बसला.