कोंबड्याची बोली

आमच्याकडे पगार झाला की आधी देवाचा दहावा वाटा निघतो, मग घरभाडं, मग किराणा. या बाबतीत घरात माझं चालतं आणि मी ते चालवतेही. नवरा म्हणतो, बायको नाही, खजिनदार आणलीय. म्हणू दे. हात राखून खर्च केला म्हणूनच सासूबाईंच्या कवळीचे पैसे साठले. दात काढल्यापासून त्या आमटीत भाकरी कुस्करून खायच्या आणि चारचौघांत पदराआडून बोलायच्या. सोमवारी इंदापूरच्या दवाखान्यात उरलेले चार हजार भरून कवळी आणायची, असं ठरलं होतं.

आदल्या दिवशी बारामतीला आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. उपासना झाली की लोकांनी आणलेल्या भाज्या, अंडी, कोंबड्यांचा अंगणात लिलाव होतो. देवाच्या नावाने साधा भोपळाही चढ्या भावाने जातो आणि त्यात गंमत असते. तिथूनच आम्ही सणसरला नणंदेकडे मुक्कामाला जाणार होतो, म्हणून कवळीचे पैसे माझ्या पर्समध्ये होते.

एक तांबडा कोंबडा पुढे आला. नवऱ्याने पाचशे म्हटलं. समोरून त्याच्या चुलतभावाने हजार केले. लहानपणापासून एकमेकांच्या ताटातलं मोजत आलेले हे दोघे. पंधराशे. दोन हजार. लोक टाळ्या वाजवायला लागले.

"का रं, बास? देवाला द्यायला हात आखडला व्हय?" चुलतदीर हसत ओरडला.

"तीन हजार!" नवरा म्हणाला आणि त्याने माझ्या पर्सकडे पाहिलं.

मी पर्स काखेत घट्ट धरली. "ते आईंचे पैसे आहेत," मी पुटपुटले.

"पुढच्या महिन्यात बघू. सगळ्यांदेखत माघार घेऊ व्हय?"

समोरून साडेतीन हजार आले. नवरा उठून उभा राहिला. मला त्याचा इतका संताप आला की मीही उठणार होते. पण देवाच्या कामाला नाही म्हणणारी बाई, असं मंडळी म्हणतील, या भीतीने मी बसूनच राहिले.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला. बोळकं सगळ्यांना दिसलं.

"खाली बस," त्या लेकाला म्हणाल्या. "देवाचं देवाला आदीच दिलंय. पर्समदलं माझ्या दाताचं हायती."

टाळ्या थांबल्या. कुणी हसलं नाही. नवरा बसला. लिलाव पुकारणाऱ्या पाळकसाहेबांनी घाईघाईने तीनवार म्हणून कोंबडा चुलतदिराच्या हातात दिला. सासूबाईंनी पदर पुन्हा तोंडावर घेतला नाही.

सोमवारी दवाखान्यात कवळी नीट बसली. मी पैसे काढले, तसा नवऱ्याने हात पुढे केला. "दे, मी भरतो."

"तू नगं," सासूबाई नव्या दातांनी अडखळत म्हणाल्या. "तिलाच भरू दे."

त्याने हात मागे घेतला. मला बरं वाटायला हवं होतं, पण त्याच्या तोंडाकडे माझ्याने बघवलं नाही.