सुलोचनानं गोटी मारली

आमच्या अन् सुलोचनाच्या घरात एकच भिंत, म्हणून तिच्या घरचा पेला मले माझ्याच घरचा वाटते. स्टीलचा पेला, लोखंडी पलंगाच्या नळीवर आपटला की टण्ण! हरिदासभाऊले पाणी पाहिजे, टण्ण. कूस बदलायची, टण्ण. सुलोचना नुसती डोळ्यासमोरून हलली तरी टण्ण.

हरिदासभाऊ म्हणजे तिचा नवरा, एसटीचे ड्रायव्हर. जलमभर वर्धा-गिरड गाडी चालवली त्याईनं. रिटायर झाल्यावर बोरगाव मेघ्यात घर बांधलं, अन् अंगणात एक झाड लावाच्या आधी लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. उरला डावा हात, अन् त्या हातात तो पेला. माणूस वाईट नाई हो. पण पलंगावर पडलेल्या माणसाले दुसऱ्याचा जीव दिसत नाई, हे मी रोज पाहून राह्यली.

अन् सुलोचना? ती बसलेली मले आठवतच नाई. त्याईले भरवून, पुसून, औषध देऊन झालं की पातेल्यात जे थंडगार उरलं असंल ते ओट्यापाशी उभ्यानं खायची. दुपारी पाठ टेकली की टण्ण.

एक दिवस मी गेली तर गॅस सुरू, वर भांडं नाई, अन् ही लायटर धरून उभी. "काय करून राह्यली व?" म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण पाहिलं म्हणायची सोय नव्हती.

"विमलाताई, मले माझंच भेव वाटते," म्हणाली. "आज वाटलं, हाच पेला घ्यावा अन् त्याईच्या डोक्यात हाणावा. हात उचललाही होता." अन् मंग जे रडली, बाप्पा! मी आधी गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेले पलंगापाशी बसवलं अन् हिले ओढतच मनाच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. पोरगी तरणीताठी, पण ऐकून घेतलं तिनं. गोळ्या लिहून दिल्या. म्हणाली, "झोप पाहिजे तुम्हाला. आणि रोज थोडा वेळ खेळा. घरात कुणालाच ज्याचा उपयोग नाही, असं काहीतरी." बाहेर आल्यावर सुलोचना माझ्यावरच भडकली. "मी काय लेकरू आहे? कवा खेळू, भांडे घासता घासता?"

तिच्या लेकीनं, मेघानं, पुण्याहून मोबाईलवर काहीतरी पाठवलं. त्यातली बाई गोड आवाजात म्हणे, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. हिनं डोळे मिटले, टण्ण. मंग विहारात आनापानाले जाऊन बसली. श्वास येतो कसा, जातो कसा, ते गुपचूप पाहत राहायचं. हिची मान पहिल्याच श्वासात खाली, अन् घोरणं सुरू! बायका हसल्या. ती लाजून पुन्हा तिकडं फिरकलीच नाई. अव, थकलेलं माणूस श्वास पाहायले बसलं तर झोपणारच ना!

शेवटी मीच फाशासारखे टाकायले चिचोके घासून आणले. पाटावर खडूनं चंगाष्टा आखला, फुटक्या बांगड्याच्या गोट्या केल्या, अन् पाट पलंगाशी लावला. म्हटलं हरिदासभाऊ, तुम्हीबी या, डावा हात आहे ना. त्याईले खेळ आवडला. दुपारी जेवणाआधी पेला वाजायचा, तो आता चंगाष्ट्यासाठी.

पण सुलोचना काही जिंकेना. चंगाष्ट्यात दुसऱ्याची एक तरी गोटी मारल्याशिवाय आपल्याले आतल्या घरात जाता येत नाई. माझी मारायची नाई, नवऱ्याची तर नाईच नाई. तिच्या गोट्या आपल्या बाहेरच्या बाहेर चकरा मारत राहायच्या. मी एकदा चिडलीच. "आंजी गावची पोरगी ना तू? माहेरी तर म्हणे पोट्टेबी तुयाशी खेळायले भ्यायचे!"

तवा सांगितलं तिनं. लग्नाच्या वर्षी सासरी चंगाष्टा खेळताना तिनं हरिदासभाऊची गोटी मारली, तर त्याईनं सगळ्यासमोर पाट उलटवला. सासू म्हणाली, नवऱ्याची गोटी मारू नये, घराले बरं नसते. तवापासून नाई मारली. हे ती हसत सांगत होती, अन् मले असा राग आला का तो पाट घेऊन अंगणात फेकावा!

मंग ती दुपार आली. सकाळपासून पेला वाजून वाजून माझं डोकं उठलं होतं, तर तिचं काय झालं असंल! ती येऊन बसली, चिचोके टाकले, चंग पडला, म्हणजे चार. बरोबर चार घरं पुढं हरिदासभाऊची गोटी. त्याईनं डाव्या बोटानं पाटावर टकटक केलं, म्हणजे ती नको, दुसरी चाल. सुलोचना त्या बोटाकडे पाहत राहिली. अन् उचलून मारली गोटी. "मेली!" म्हणाली, लहान पोरीसारखी.

हरिदासभाऊनं चिचोके भिरकावले, तोंड भिंतीकडे केलं. ती ताट घेऊन आली, गरम भाकर, वांग्याची भाजी. त्याईनं तोंड उघडलं नाई. आता ही मनधरणी करत बसणार, मले माहीतच होतं. पण ती खाली बसली, ताट पुढ्यात ओढलं, अन् एकेक घास चावत सगळं गरम गरम स्वतः खाल्लं. मंग तिथंच फरशीवर आडवी झाली. मी उठून निघाली.

घरी येऊन भिंतीकडे कान. आता वाजंल, मंग वाजंल. उन्हं कलली तरी वाजला नाई. एरवी त्या आवाजाचा वीट, पण आता तोच ऐकू यावा असं वाटलं. तिचं ते बोलणं आठवलं, हात उचललाही होता म्हणून. तशीच अनवाणी पळाली.

सुलोचना फरशीवर तोंड उघडं टाकून घोरत होती. हरिदासभाऊ टक्क जागे. ओठ कोरडे पडले होते, पण पेला उशीखाली दाबून ठेवलेला. मले पाहून त्याईनं डाव्या हातानं दटावलं, हळू! राग गेला होता का नाई, देव जाणे. उद्या पेला वाजणार आहे, तेबी मले माहीत आहे. मी पेला काढून त्याईले पाणी पाजलं. मंग तो रिकामा पेला त्याईनं माझ्या हातातून घेतला, अन् नळीले लागू न देता परत उशीखाली सारला.