तीन आखूड, एक लांब

आमच्या धक्क्यावर चार बोटी आहेत आणि त्यातल्या एकीलाच ओरखडा नाही. हे मी कुणाला विचारलं नव्हतं, पण इथे येऊन मला चौदा वर्षं झाली आणि चौदाही वर्षं मी ते रोज ऐकते आहे. ज्याची ती बोट, तो नव्या उतारूला सांगायचा, जुन्या उतारूलाही सांगायचा, वर्षांचा आकडा दरवर्षी एकाने वाढवून. "सव्वीस वर्षं झाली. एक ओरखडा नाही." म्हणून त्याचं नाव पडलं बिनओरखडे. तोंडावर आम्ही दादा म्हणतो. खरं आडनाव बंदर कचेरीच्या कागदांवर असेल.

मी चौथी बोट चालवते. वडिलांची होती, त्यांच्या मागे माझ्याकडे आली. दुसरी मास्तरांची. मास्तर कधी शाळेत शिकवायला नव्हते, फक्त दुसऱ्याच्या चुका काढायची त्यांना सवय आहे. तिसरी रेडिओची. त्याला रेडिओ का म्हणतात हे त्याच्या शेजारी पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. चौघं मिळून नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेतो आणि परत आणतो. काम एवढंच आहे.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी मी दादाला भोंगा दिला. दोन आखूड, म्हणजे मी डावीकडे वळते आहे. तो सरळ आला, माझ्या बोटीच्या नाकासमोरून हातभर अंतरावरून गेला आणि वर हात हलवून हसला. तेव्हा मला कळलं की याला ऐकू येत नाही. मास्तरांच्या ते आधीच लक्षात आलं होतं. रेडिओच्या लक्षात आलं नव्हतं, कारण समोरच्याने ऐकावं अशी त्याची अपेक्षाच नसते.

कचेरीत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला सुकाणूवरून उतरवून लाइफ जॅकेटांच्या खोलीत बसवला असता, आणि सुकाणूवर त्याचा हात आम्हा तिघांपेक्षा चांगला होता हे मला कबूल करावं लागतं. मग मास्तरांनी एक खूण काढली. तीन आखूड, एक लांब. नियमांच्या पुस्तकात अशी खूण नाही. अर्थ असा की बिनओरखडे निघाला, बाजूला व्हा. ज्याला तो आधी दिसेल त्याने वाजवायची आणि सगळ्यांनी वाट सोडायची. दिवसातून दहा-बारा वेळा, नऊ वर्षं आम्ही हे केलं. बरोबर केलं असं मी म्हणत नाही. पण त्याच्या बोटीला ओरखडा आला नाही तो असा.

दरवर्षी तपासणीला डॉक्टर विचारायचे आणि हा ओठ वाचून उत्तर द्यायचा. गेल्या वर्षी नवे डॉक्टर आले. त्यांना सर्दी झाली होती, म्हणून तोंडावर मास्क होता. त्यांनी विचारलं, ऐकायला कसं येतं? हा म्हणाला, "सव्वीस वर्षं झाली. एक ओरखडा नाही."

आठवड्याभरात कचेरीचं पत्र आलं. बोट बंद. सहा महिन्यांत पाण्यावर ऐकण्याची परीक्षा पास झाला तर सुकाणू, नाहीतर जॅकेटांची खोली. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की साध्या मशीनची वेळ गेली. कानामागचं हाड कोरून आत तार बसवायची, वरून एक मशीन लावायचं, ते चुंबकाने डोक्याला चिकटतं. दादाने एकच प्रश्न विचारला, "भोंगा ऐकू येईल?" डॉक्टर म्हणाले, बहुतेक. तो म्हणाला, "कोरा."

ऑपरेशन नीट झालं. घरी आला आणि सव्वीस वर्षांत ज्याला पाण्यावर कधी मळमळलं नाही, त्याला स्वतःच्या पलंगावर बोट लागली. उठला की खोली फिरायची. जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, टाक्यांना पाणी लागू द्यायचं नाही आणि पडायचं तर मुळीच नाही. वहिनी लाँड्रीत कामाला, तिला दिवसभर घरी राहणं जमेना. तेव्हा आम्ही पाळ्या लावल्या.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी घराची पाहणी केली आणि तिसऱ्या मजल्यावर चार जुने टायर आणवले. धक्क्याला बोट घासू नये म्हणून लावतो ते. दोन कपाटाच्या कोपऱ्यांना बांधले, एक टेबलाला, एक फ्रिजला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत कमरेच्या उंचीवर दोर ताणला, म्हणजे धरून चालता येईल. वहिनी संध्याकाळी आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हे माझं घर आहे ना?" मास्तर म्हणाले, "आहे. पण त्या कोपऱ्यातली गाठ चुकली आहे, ती रेडिओची." गाठी अशा बसल्या की पुढे वहिनीला त्या सुटेनात. तो दोर अजून तिथेच आहे, ती त्यावर टॉवेल वाळत घालते.

महिन्याने मशीन सुरू करायचा दिवस आला. आम्ही तिघंही गेलो. मशीन लावणाऱ्या ताईने सांगितलं की पहिल्या दिवशी बोलणं बोलण्यासारखं वाटणार नाही, मेंदूला शिकायला वेळ लागतो. तिने बटण दाबलं. दादा ताठ बसला. वहिनीने विचारलं, "ऐकू येतंय का?" दादा तिच्याकडे वळून म्हणाला, "तू अशी बोलत नव्हतीस."

"कशी बोलतेय?"

"पत्र्याच्या डब्यात बसून."

"मग डब्यातून सांगते, औषध वेळेवर घेत जा," वहिनी म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून रडली. मीही रडले असते, पण रेडिओ शेजारी होता आणि त्याने ते गावभर केलं असतं.

ताईने रोजचा अभ्यास दिला. कुणीतरी मागे बसून वाचायचं, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि ऐकलेलं दादाने म्हणून दाखवायचं. घरात वाचायला फारसं नव्हतं. मास्तरांनी नियमांचं पुस्तक आणलं आणि पहिल्या कलमापासून सुरुवात केली. मी वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका वाचली, दोनदा. रेडिओला पुस्तक लागलंच नाही. तो मागे बसून सलग दीड तास बोलायचा. पहिले तीन आठवडे दादाला त्यातला शब्द कळत नव्हता आणि तो तक्रार करत नव्हता. एका दुपारी त्याने हळूच हात वर केला आणि म्हणाला, "तुझ्या मेव्हण्याचं हे तू आत्ता तिसऱ्यांदा सांगतोयस." रेडिओला इतका आनंद झाला की त्याने चौथ्यांदा सांगितलं.

मग भोंग्यांचा सराव. दादाने धक्क्यावर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आम्ही बोटींतून वाजवायचं. एक लांब. "धक्का सोडला." एक आखूड. "उजवीकडे." दोन आखूड. "डावीकडे." पलीकडच्या काठावरच्या लोकांना वाटायचं बोट सुटली, ते पिशव्या सावरत पळत यायचे आणि बोट जागेवर बघून आमच्या नावाने खडे फोडायचे. दादाच्या चुका कमी होत गेल्या. पाचव्या महिन्यात तो भोंग्यावरून बोट कुणाची तेही सांगायला लागला.

तीन आखूड, एक लांब मात्र आम्ही एकदाही वाजवलं नाही. मास्तरांनी बजावलं होतं. आता त्याला ऐकू येतंय, खुणेचं काम संपलं, विषय काढायचा नाही. मी मान डोलावली. पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. हा माणूस स्वतःच्या सव्वीस वर्षांवर उभा आहे आणि त्यातली नऊ आमची आहेत. एकदा तर मनात आलं की हा नापास झालेला बरा, नदीवर नसला तर निदान त्याला कळणार तरी नाही. मला माझीच लाज वाटली, पण आलं होतं मनात.

परीक्षेच्या दिवशी कचेरीतले साहेब वही घेऊन दादाच्या बोटीत बसले. वहिनीने रजा काढली होती, ती मागच्या बाकावर बसली. आम्ही तिघं ठरलेल्या जागी पाण्यात. त्याने धक्का सोडला. सहा महिन्यांनी ती बोट पाण्यावर आली, रंग दिलेली, नाक वर काढून, आणि मला इतकं बरं वाटलं की माझा हात आपोआप भोंग्यावर गेला.

तीन आखूड, एक लांब.

वाजल्यावर मला कळलं मी काय केलं ते. पण मास्तरांनी सुकाणू फिरवलंच होतं. रेडिओनेही. नऊ वर्षांची सवय. एका दमात दोन्ही बोटी बाजूला सरकल्या आणि पाठोपाठ माझीही. दादासमोर अख्खी नदी मोकळी झाली.

पुढचं वहिनीने सांगितलं. दादाने वेग कमी केला. आधी मास्तरांकडे पाहिलं, मग रेडिओकडे, मग माझ्याकडे. साहेबांनी पुस्तक चाळलं आणि विचारलं, "ही कुठली खूण? ही यात नाही."

दादा मोकळ्या नदीकडे बघत राहिला. वहिनीला वाटलं मशीन बंद पडलं.

मग तो म्हणाला, "ते माझं नाव आहे, साहेब."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढची खूण मागितली. बाकीच्या सगळ्या त्याने बरोबर सांगितल्या. पास झाला.

धक्क्याला लागल्यावर आम्ही अभिनंदन करायला गेलो. तो दोर बांधत होता. वर न बघता त्याने विचारलं, "किती वर्षं?"

मास्तर पाण्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "नऊ."

"मला वाटायचं मी चांगला चालवतो."

"चांगलाच चालवतोस, दादा. फक्त ऐकायला येत नव्हतं."

"सगळ्या नदीला माहीत होतं?"

"पलीकडच्या तिकीटवाल्यालाही."

त्याने कानामागे हात नेला, मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली आणि घरी गेला. आपल्यावर रागावलेला माणूस आपल्याला बंद करून निघून जातो, तेव्हा काय करायचं हे मास्तरांच्या पुस्तकात नव्हतं. तीन दिवस तो तसाच होता. मी घरी गेले, दारात उभी राहून माफी मागितली. त्याने माझ्या ओठांकडेही पाहिलं नाही. वहिनी म्हणाली, "माझ्याशीही बंदच आहे. मी काय केलंय?"

चौथ्या दिवशी त्याची पहिली फेरी होती. आम्ही तिघं नदीत होतो, तो मशीन लावून सुकाणूवर. बोटीत वीसेक उतारू. कुणालाही त्याने ओरखड्याचं सांगितलं नाही. एक लांब भोंगा दिला, धक्का सोडला आणि दहा हात पुढे येऊन थांबला.

आम्हाला कळेना. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते, परत चूक नको म्हणून. मास्तर काही करेनात. उतारू माना वळवून बघायला लागले. दादा माझ्याकडे बघत होता. मग त्याने एक बोट उचललं आणि कानामागच्या मशीनवर दोनदा टकटक केली. वाट बघत राहिला.

मी हात मांडीखालून काढला. तीन आखूड वाजवले. मग लांब, तो जरा जास्तच लांब झाला.

त्याने मान डोलावली आणि इंजिन वाढवलं. मी सुकाणू फिरवायला गेले तेवढ्यात त्याने तळहात पुढे केला. थांब. मास्तरांना तसाच. रेडिओला तसाच. आम्ही तिघं होतो तिथेच राहिलो, तो सरळ आमच्याकडे येत होता आणि मी जीव मुठीत धरून बसले होते.

मग त्याने दोन आखूड दिले, बोट डावीकडे घेतली आणि आम्हा तिघांना वाट देत, लांबून वळसा घालून पलीकडे गेला.