फुटक्या घंटेचा थिओडूल

...आणि खरा घोळ घंटेचा होता, हेच काल सांगायचं राहिलं. मध्येच उकडलेले बटाटे आले, आणि वितळलेल्या चीजपुढे कुणाला काय सुचतंय.

तर थिओडूल. गावच्या गाई घेऊन उन्हाळाभर वरच्या कुरणात राहायचा, तिथेच चीज करायचा, आणि बर्फ पडलं की खाली येऊन लाकडी मुखवटे कोरत बसायचा. माणूस इतका मऊ, की कालचं जन्मलेलं वासरूही त्याला घाबरत नसे. म्हणूनच असेल, वर्षातून एकदा तरी गावाला घाबरवावं अशी त्याला भारी हौस.

आमच्या खोऱ्यात ईस्टरआधीचे उपास लागायच्या सुमाराला मुखवटेवाले निघतात. अंगावर बोकडाची कातडी, तोंडावर वाकड्या दातांचा मुखवटा, हाताला काजळी, कमरेला गाईची घंटा. सापडेल त्याचं तोंड काळं करायचं नाहीतर त्याला बर्फात लोळवायचं. सोंग घेणारा बिनलग्नाचा पुरुषच हवा, आणि कुणी ओळखून नाव घेतलं की मुखवटा काढून मुकाट्याने घरी जायचं. वरच्या आळीतून निघून खालच्या चॅपेलच्या दारापर्यंत ओळखू न येता पोचला, तो खरा गडी.

थिओडूल कधी मधल्या कारंज्याच्या पुढे गेला नाही. कारंज्यापाशी आमची म्हातारी अपोलोनिया विणत बसलेली असायची. मान वर न करताच म्हणायची, "आलास का थिओडूल? जा बाबा घरी, थंडी आहे." की याची वरात परत.

त्याला वाटायचं, मुखवटाच कमी पडतोय. मग पुढच्या वर्षी नाक आणखी वाकडं. एकदा खऱ्या डुकराचे दात बसवले. एकदा चालीवरून ओळखू नये म्हणून बुटात खडे घालून आला, तर अपोलोनिया म्हणाली, "थिओडूल, पाय मुरगळला का रे?"

अहो, त्याच्या गाईची घंटा तडकलेली होती. सर्दी झालेल्या बोकडासारखी खोकायची. आम्ही धुक्यात गाई आवाजावरून ओळखणारी माणसं, हा काय सुटणार? साऱ्या गावाला हे ठाऊक, त्याला सोडून. बारा महिने ऐकून त्याच्या कानांना तो खोकला ऐकूच येईनासा झालेला. आणि आम्ही सांगत नव्हतो. फुकटची करमणूक कोण घालवतो?

पण त्या वर्षी गोष्ट लग्नापर्यंत आली. शेजारची फिलोमेना, नवरा वारलेली, जिभेने तिखट. दोघांचं कधीचं ठरलेलं. पण हा म्हणायचा, एकदा चॅपेलपर्यंत पोचू दे, मग लग्न, कारण नंतर सोंग घेता येत नाही. शेवटी ती माझ्यादेखत म्हणाली, "यंदा ईस्टरला लग्न झालं नाही, तर मी चालले शहरात बहिणीकडे. मग संसार कर त्या डुकराच्या दातांशी."

"यंदा पोचेन," हा खालमानेने म्हणाला.

मला दया आली. ती गेल्यावर म्हटलं, "अरे, नाक राहू दे. घंटा बदल." आणि सगळं सांगितलं.

त्याने हातातली पटाशी खाली ठेवली. मग म्हणाला, "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आणि तुम्ही मला दात बसवू दिलेत?"

मिरवणुकीच्या दुपारी स्वारी निघाली. कमरेला घंटा खणखणीत. कारंज्यापाशी अपोलोनियाच्या सुया थांबल्या. "ही फिलोमेनाच्या गाईची घंटा. म्हणजे आत फिलोमेनाच."

बाईमाणूस सोंगात? गर्दीला चेवच आला. "फिलोमेना, काढ मुखवटा." पण चुकीच्या नावाला कोण मुखवटा काढतो? थिओडूल आयुष्यात पहिल्यांदा कारंजं ओलांडून पुढे गेला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला, "फिलोमेना इथे आहे. माझी घंटा कुणाच्या ढुंगणावर वाजतेय?"

या शहाण्याने घंटा तिच्याच गोठ्यातून, न विचारता उचलली होती.

गोठ्याचा खराटा घेऊन ती खाली आली आणि लागली त्याची पाठ धोपटायला. कातडीतून नुसती धूळ. "चोरा, नाव सांग." एक फटका. "नाव सांग म्हणते ना." आणखी एक. थिओडूलने तोंड उघडलं असतं तर मार तिथेच थांबला असता. पण तो पुढे वाकून चालतच राहिला, मागे ती, तिच्यामागे गाव, आणि तोंडात रुमाल कोंबलेला मी.

चॅपेलच्या दाराला हात लावला आणि त्याने मुखवटा काढला. चेहरा बिटासारखा लाल, आणि हसू या कानापासून त्या कानापर्यंत.

खराटा वरच्या वर राहिला. "तू? अरे मेल्या, एका शब्दाने सांगायचंस ना, मी आहे म्हणून."

थिओडूलने दाराला पाठ टेकली, कळ आली तशी पुन्हा सरळ झाला, आणि म्हणाला, "बोललो असतो, तर लग्न पुन्हा पुढच्या वर्षावर गेलं असतं. त्यापेक्षा खराटा बरा."