तळमजल्यावरची खोली

नव्वदनंतर पेठेतली मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जाऊ लागली आणि त्यांच्यामागून त्यांचे आईवडील सुनांच्या बाळंतपणांना निघाले, तेव्हा त्या आईवडिलांना धीर देऊन विमानात बसवायचं काम उल्का साठे यांनी केलं. सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर त्यांचं छोटं ट्रॅव्हल ऑफिस होतं. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि बोलणं फटकळ. "व्हीलचेअर मागा. लाज वाटत असेल तर घरीच बसा," असं त्या म्हाताऱ्या माणसांना तोंडावर सांगत. माणसं मुकाट्याने व्हीलचेअर मागत.

त्यांचे थोरले भाऊ बाळासाहेब शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा एकुलता एक मुलगा आमोद हिंजवडीला नोकरीला. त्याचं तिथल्याच ऋचाशी जमलं, आणि लग्न थायलंडला, समुद्रकाठी करायचं ठरलं. नातेवाइकांना प्रवासाचं समजावून सांगायचं काम साहजिकच आत्याकडे आलं.

बाळासाहेबांच्या हॉलमध्ये सगळे जमले. उल्काताईंनी सांगितलं, पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, हॉटेल टेकडीच्या उतारावर आहे तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या खोल्या मागा.

"उतरायचं कुठे?" बाळासाहेबांनी विचारलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. चहा झाला आणि बाळासाहेब म्हणाले, "ते सगळं ठीक, पण उतरायचं कुठे?" थोड्या वेळाने तिसऱ्यांदा तेच. मंडळी हसली. बाळासाहेब बहिणीची फिरकी घेताहेत असंच सगळ्यांना वाटलं. उल्काताईही हसल्या, पण त्यांची नजर वहिनींकडे गेली. सुशीलाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

स्वयंपाकघरात उल्काताईंनी दार लोटून घेतलं. "वहिनी, हे कधीपासून?"

"गणपतीपासून. डॉक्टर म्हणाले, विसरत जाण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. आमोदला सांगू नकोस."

"का?"

"तो लग्न पुढे ढकलेल. ऋचाच्या घरचे विचारतील, हे घराण्यात आहे का. आणि मुलाचं लग्न ह्यांना कळेल, असं हे शेवटचंच वर्ष असेल गं."

परक्या लोकांना फाडफाड बोलणाऱ्या उल्काताईंची जीभ तिथे रेटली नाही. त्यांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. भावासाठी तळमजल्यावरची, समुद्रापासून दूरची खोली धरली. शेजारची खोली स्वतःला, आणि मध्ये उघडणारं दार.

तिथे पोचल्यावर कळलं, खोली बदललीय. ऋचाच्या वडिलांनी व्याह्यांना समुद्रालगतचा स्वतंत्र बंगला दिला होता.

"दादाला आतलीच खोली बरी पडेल," उल्काताई म्हणाल्या.

"अहो उल्काताई, मुलाच्या वडिलांना आम्ही मागच्या बाजूला ठेवायचं? लोक काय म्हणतील?"

कारण सांगितल्याशिवाय हट्ट धरता येईना. सुशीलाबाईंनी मागून त्यांचा हात दाबला. उल्काताईंनी बंगल्याची किल्ली घेतली.

लग्नाच्या सकाळी सुशीलाबाई सुनेकडच्या कार्यक्रमाला गेल्या. भावाजवळ उल्काताई बसल्या होत्या. इतक्यात विमानतळावरून एका चुलतभावाचा फोन आला, त्याची बॅग आली नव्हती. बंगल्यात नीट ऐकू येईना म्हणून त्या रिसेप्शनपर्यंत गेल्या. परत आल्या तर वाळूकडचं दार सताड उघडं, चपला जागच्या जागी, बाळासाहेब नाहीत.

उल्काताईंनी सुशीलाबाईंना बोलावून घेतलं आणि दोघी नणंद-भावजया कोणाला न सांगता शोधत राहिल्या. बाग पाहिली, जेवणाचा हॉल पाहिला, जिने पाहिले. शेवटी उल्काताई धावत आमोदच्या खोलीत गेल्या. तो रेशमी धोतर नेसून मुंडावळ्या बांधून घेत होता.

"दादा सापडत नाहीये. त्याला विसरायला होतं, आमोद. आजार आहे."

"तुला कधी कळलं?"

"पुण्यातच."

तो तसाच अनवाणी बाहेर पळाला.

खडकांच्या पलीकडे बाळासाहेब एका मासेमारी बोटीत बसले होते. छातीइतक्या पाण्यात चालत निघालेलं पाहून कोळ्यांनी त्यांना ओढून वर घेतलं होतं. अंगाला कापरं भरलेलं. समोर नवरदेवाच्या वेषातला मुलगा पाहून ते अदबीने म्हणाले, "आपण कोणाकडचे? मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मुलाकडचा, बाबा," आमोद म्हणाला, आणि तिथेच गुडघाभर पाण्यात उभा राहून रडला.

मुहूर्त टळला. ऋचाचे वडील संतापले, "तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलंत!"

"बाबा, ते मग. आधी त्यांना कोरडे कपडे द्या," ऋचा म्हणाली. तिच्यामुळे संध्याकाळी लग्न लागलं. लाटांच्या आवाजाने बाळासाहेब बिचकत होते, म्हणून वाळूवरचा मांडव सोडून हॉटेलच्या आतल्या चौकात. नमस्कार करताना आमोदने आत्याकडे वर पाहिलं नाही.

पुण्याला आल्यावर त्याने आईवडिलांना आपल्या बाणेरच्या फ्लॅटवर नेलं. उल्काताई तो ऑफिसला गेलेला असताना भावाला भेटायला जात. एकदा सुशीलाबाई म्हणाल्या, "मी बाई घाबरलेली होते. तू तरी बोलायला हवं होतंस." उल्काताईंनी भावाच्या गोळ्या डबीत भरून ठेवल्या आणि त्या निघाल्या. 

ऑफिसात त्या आता लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्या जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारतात, "काही लपवताय का?" काही जण रागावून दुसऱ्या एजंटकडे जातात.

वर्ष उलटून गेल्यावर आमोदचा फोन आला. "आत्या, बाबांना महाबळेश्वरला न्यायचंय. आईच्याने एकटीने होत नाही. येशील?"

त्या गेल्या. आमोद गाडी चालवत होता. घाट लागला. मग तो म्हणाला, "त्यांच्या बाजूचं दार लॉक आहे ना, बघ." उल्काताईंनी पाहिलं, आहे म्हणाल्या. बाळासाहेब त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. ही बाई कोण, ते त्यांनी निघतानाच सुशीलाबाईंना विचारून घेतलं होतं.