आत्याचा दम

आमच्या आत्याला गाद्यांच्या कारखान्यात 'भोंगा' म्हणतात. तोंडावर नाही हां, कुणाची टाप आहे! चोवीस वर्षं ती शिलाई खात्याची मुकादम. एकीकडे कापूस पिंजायचं मशीन, दुसरीकडे ती, जिंकायची तीच. त्या नादात कापूस मात्र गुपचूप छातीत जाऊन बसला. आता जिना चढली की आतून फुटकी बाजाची पेटी वाजते.

"ताई, बास झालं. राजीनामा दे," बाबा म्हणाले. "तुलाच दम लागतो, तू लोकांना काय दम देणार?"

"मग घरी बसून काय करू? तुझ्या मिशा मोजू?"

दवाखान्यातल्या नर्सबाई प्रत्येक वाक्याला शेपूट लावतात. "हे बघा मावशीऽ, हा कागद घरी लावायचाऽ. हिरवा म्हणजे नेहमीसारखं, रोजचा पंप चालू. पिवळा म्हणजे नेहमीपेक्षा जास्त धापऽ, तेव्हा या गोळ्या सुरू आणि मला फोन. लाल म्हणजे तडक दवाखाना, बरं काऽ."

"नेहमीपेक्षा म्हणजे किती?"

"ते तुम्हालाच कळणार नाऽ."

"कळतं की. माप आहे माझ्याकडे." आणि आत्या तिथेच गरजली, "अरे गाढवांनो, टाके घालताय की मुंग्या मोजताय, गादी उसवली तर गिऱ्हाईक काय तुमच्या अंगावर झोपणार का रे?"

बाकावरचे सगळे पेशंट ताठ बसले.

मग तिने कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: अख्खं एका दमात, हिरवा. 'मोजताय'ला थांबले, पिवळा. 'गाढवांनो'च पुरं होईना, लाल. नर्सबाई आधी पोट धरून हसल्या, मग पुन्हा वाचून शेपूट न लावता म्हणाल्या, "अगदी बरोबर."

कागद फ्रिजवर चिकटला, आणि तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या आधी फ्रिज शिव्या खातो. आत्या कामावर जातच राहिली. पिंजणीपासून लांब, तोंडाला मास्क लावून.

एका मंगळवारी मात्र, "अरे गाढवांनो, टाके घालताय की मुंग्या मोजताय..." आणि थांबली.

"बघ! मी म्हणत नव्हतो?" बाबांनी पेनच काढलं. "लिही राजीनामा."

आत्याने ओठांचा चंबू केला आणि गरम चहावर फुंकर मारावी तसा श्वास हळूहळू सोडला. मग पिवळ्यावर बोट ठेवलं. "यात... राजीनामा... कुठाय? दाखव."

नव्हता. गोळ्या होत्या, फोन होता. तिने दोन्ही केलं. नर्सबाईंनी आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगितलं, तीही घेतली. "पिवळा आहे, लाल नाही. सिग्नल कळतो ना तुला?" बाबांना तेवढं सुनावलंच.

गुरुवारी फ्रिजसमोरचं वाक्य 'उसवली'पर्यंत पोचलं. शनिवारी 'गिऱ्हाईक'पर्यंत. बाबा पेपर वाचायचं नाटक करत कान टवकारून बसायचे.

पुढच्या मंगळवारी ती पदर खोचून उभी राहिली. "अरे गाढवांनो, टाके घालताय की मुंग्या मोजताय, गादी उसवली तर गिऱ्हाईक काय तुमच्या अंगावर झोपणार का रे, आणि धाकट्या, पेन ठेव खिशात आणि माझा डबा भर!"

एका दमात.

बाबांनी डबा भरला.