मॅनिफोल्डच्या मागची गळती

मिस्त्रीने बांधलेल्या इंजिनातून तेलाचा थेंब गळत नाही, असा त्याचा लौकिक होता. लौकिकवाल्या माणसांचं नशीब असं, की गळलं ते नेमकं त्याच्या स्वतःच्या गाडीतून.

गाडी खरं तर वडिलांची. जुनी, आठ सिलिंडरची, पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. तिच्यात जास्त उचलीचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा जास्त उघडणारा दांडा, घालायची वडिलांना फार हौस होती. "उभी असली तरी नुसती गुरगुरली पाहिजे," म्हणायचे. लोकांच्या गाड्या दुरुस्त करता करता ते राहूनच गेलं. पन्नाशी उलटल्यावर मिस्त्रीने ते मनावर घेतलं आणि नवा कॅम आणला.

कॅम बसवायचा तर आधी इनटेक मॅनिफोल्ड उचलावं लागतं. सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या घळीवर बसणारं ते ओतीव लोखंडाचं झाकणच म्हणा. कॅम बसला, झाकण परत चढलं, इंजिन सुरू झालं आणि वडील म्हणायचे तसंच गुरगुरलं. मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. सकाळी बघतो तर इंजिनाच्या मागच्या टोकाखाली तेलाचं हे एवढं थारोळं!

त्याने फोन लावला तो ताईला. थोरली बहीण दूरच्या शहरात मुलाकडे राहायची, नातवंडं सांभाळायची. पण लग्न होईपर्यंत ती याच गॅरेजात वाढली होती. इंजिनाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला हा, आणि मध्ये वडिलांचा आरडाओरडा. आता वर्षातून दोनदा फोन व्हायचा. तब्येत बरी आहे, सगळे बरे आहेत, ठेवते.

"खालून गळतंय म्हणजे क्रँकचं सील गेलं असणार," मिस्त्री म्हणाला.

"त्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नकोस एवढ्यात," ताई म्हणाली. "पुसून कोरडं कर, मागे पावडर मार आणि इंजिन चालव. तेल कुठून निघतं ते पावडर सांगेल."

बायकोचा पावडरचा डबा गॅरेजात रिकामा झाला. त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं, पण पावडरीवर ओघळ उमटला तो वरून, मॅनिफोल्डच्या मागच्या कडेखालून. सील बिचारं उगाच बदनाम झालं होतं.

संध्याकाळी ताईचाच फोन आला. "काय रे बाळ्या, सापडलं?" बाळ्या! या वयात त्याला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

त्याने ओघळाचं सांगितलं तशी ताईने विचारलं, "मागच्या कडेला काय घातलंस?"

"खोक्यात आली होती ती बुचाची पट्टी."

"अरे गाढवा! बाबा त्या पट्ट्या खोकं उघडल्या उघडल्या फेकून द्यायचे. बोल्ट आवळले की सटकतात त्या. तिथे सिलिकॉनची जाड वळी घालायची आणि रात्रभर सुकू द्यायची. विसरलास?"

मिस्त्री हसत सुटला. शिव्या खाऊन इतकं बरं वाटायला निमित्तही तसंच लागतं. मग बोलणं वडिलांवर गेलं, तिथून शेजारच्या रंगाऱ्यावर, त्याने एकदा चुकून खिडकीच्या काचाच रंगवल्या होत्या त्यावर. बायकोने जेवायला दोनदा हाक मारली तरी फोन चालूच.

त्याने पट्टी काढून सिलिकॉन घातलं. तरी गळलं. ताई रोज विचारायची, तो रोज सांगायचा.

"एकट्याने बसवलंस ना झाकण?"

"मग कोण आहे इथे?"

"एकट्याने ते सरळ खाली येत नाही रे. बोटभर सरकतं आणि वळी पुसली जाते. दोघांनी दोन्हीकडून धरून अलगद टेकवायचं. म्हणून तर बाबा मला अभ्यासावरून उठवायचे."

फोन ठेवल्यावर मिस्त्री बराच वेळ इंजिनाच्या त्या मोकळ्या बाजूकडे बघत बसला. गॅरेजात माणसं येत-जात असायची, पण त्या बाजूला ताई असायला हवी होती. नुसती आठवण नव्हती ती. तहान लागावी तशी त्याला ती हवी होती.

शेवटी बायकोच पदर खोचून आली. "अहो, फरशी पुसून माझे हात तुटले. सांगा, कुठे धरू?" दोघांनी झाकण सरळ टेकवलं, त्याने मधून कडेकडे बोल्ट आवळले, सिलिकॉन रात्रभर सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारभर इंजिन गुरगुरलं. मागची कड कोरडी ठणठणीत.

मिस्त्री खूश झाला, पण संध्याकाळपर्यंतच. फोन वाजला तेव्हा त्याने तो लगेच उचलला नाही. गळती थांबली म्हणजे उद्यापासून ताईने विचारायचं तरी काय? पुन्हा तब्येत बरी आहे, ठेवते.

"काय रे, थांबलं?"

"नाही गं," तो म्हणाला. "गळतंय अजून."

ताईने निःश्वास सोडला. "तुला जमायचं नाही. येते मी."

बायको दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं, आत गेली आणि पाहुण्यांच्या खोलीतली चादर बदलायला लागली.

ताई आली ती पिशवी ठेवून थेट गॅरेजात. केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरत होते. "चहा तरी घ्या वन्सं," बायको म्हणाली, पण ऐकतंय कोण! ताईने बाही वर केली आणि इंजिनामागच्या अरुंद फटीत हात घातला. तिथे पूर्वीही फक्त तिचाच हात जायचा. कडेवरून बोट फिरवून तिने ते उजेडात धरलं. बोट स्वच्छ होतं.

तिने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने मान खाली घातली. आता खरडपट्टी निघणार म्हणून तो वाट बघत राहिला.

एवढ्यात तिचा फोन वाजला. मुलगा विचारत होता, परतीचं तिकीट उद्याचंच काढू ना?

"उद्या कसलं?" ताई म्हणाली. कोरडं बोट तिने उगाचच फडक्याला पुसलं. "फार गळतंय रे इथे. सगळं उघडावं लागणार. पंधरा दिवस तरी माझी वाट बघू नका."